दगडाचे गाव

वैशाखात खानदेशातील विहिरींनी तळ गाठला की शेतकरी गाळ काढतो आणि जमले तर चार हात खोलीही वाढवितो. यारी बसते, सुरुंगांचे आवाज उठतात, काळ्या पाषाणाच्या कपच्या वर येतात आणि काठावरचा ढीग दिवसेंदिवस मोठा होत जातो. त्या ढिगात मध्येच काहीतरी चमकते. काळ्या दगडाला एक पोकळी असते आणि त्या पोकळीत कोणी हाताने रचून ठेवावेत असे पांढरे, गुलाबी किंवा क्वचित हिरवट स्फटिक उभे असतात. सुटीत आजोळी आलेली मुले ते उचलून घरी आणतात. पुढे त्या दगडाचे काय होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. काही दिवस तो तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर राहतो, मग दिवाणखान्याच्या कपाटात जातो आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत, कोठून आला हे कोणालाच आठवत नसल्यामुळे, बाहेर टाकला जातो.

वाचकहो, या दगडांना जगभर मोठा मान आहे. लंडनपासून अमेरिकेपर्यंतच्या संग्रहालयांत आणि खनिजांच्या प्रदर्शनांत महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणातले स्फटिक मांडलेले असतात, आणि त्यांच्यापुढील चिठ्ठ्यांवर ‘जळगाव’ हे नाव वारंवार आढळते. ज्या गावाचे नाव इतक्या दूर गेले, त्या गावच्या मुलांना मात्र त्याची वार्ता नसते. म्हणून या वेळी हे स्फटिक, त्यांचा जन्म आणि ते जमविण्याची रीत यांविषयी लिहावे असे वाटले.

खनिजे गोळा करण्याचा छंद जगात समुद्रकिनाऱ्यांवर फार रुजला. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील फंडीच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक जगात सर्वांत मोठा असून काही ठिकाणी तो सुमारे १६ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा होतो. किनाऱ्याचे कडे ज्वालामुखीच्या खडकाचे आहेत. हिवाळ्यात भेगांतील पाणी गोठते, फुगते आणि खडक फोडते. वसंतात बर्फ वितळले की दरडी खाली येतात आणि लाटा त्या धुऊन काढतात. ओहोटीच्या वेळी छांदिष्ट मंडळी पायथ्याशी हिंडतात आणि नव्याने उघड्या पडलेल्या पोकळ्यांतील स्फटिक वेचतात. स्टिलबाइट नावाचे एक खनिज तेथे इतके प्रिय आहे की १९९९ साली त्या प्रांताने त्याला आपले प्रांतीय खनिज म्हणून मान दिला. आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावरील तेइगारहोर्न येथील कडाही अशाच स्फटिकांसाठी प्रसिद्ध आहे. ती जागा आता संरक्षित असून तेथून खडा उचलण्यासही मनाई आहे.

खानदेशाला समुद्र नाही. तापी, पांझरा, गिरणा आणि वाघूर यांचे काठ आहेत. परंतु स्टिलबाइट येथेही आहे आणि ते फंडीच्या किनाऱ्याहून उणे नाही. तेथे जे काम लाटा करतात, ते येथे विहिरी, रस्त्यांचे खोदकाम आणि खडीच्या खाणी करतात. मुंबईला समुद्र लाभला, तरी तिचे नामांकित स्फटिक किनाऱ्यावर सापडले नाहीत. ते कुर्ला, मालाड, कांदिवली या भागांतील दगडखाणींतून आले. लाटा आणि विहीर यांत एक महत्त्वाचा भेद मात्र आहे. लाटेने टाकलेला दगड कड्याच्या कोणत्या उंचीवरून पडला हे सहसा सांगता येत नाही. विहिरीतून निघालेला दगड किती हातांवर लागला, हे खोदणाऱ्या माणसाला नेमके ठाऊक असते. हा भेद का मोलाचा आहे, ते पुढे पाहू.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्या काळी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. आज त्या थरांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. कर्नल विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३३ साली दख्खनच्या या खडकांचे वर्णन प्रसिद्ध केले. भूशास्त्रज्ञ या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द जिन्याच्या पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे किंवा धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या डोंगराकडे दुरून पाहिले म्हणजे हे नाव किती सार्थ आहे ते कळते. डोंगराच्या अंगावर पायऱ्याच पायऱ्या दिसतात. एक पायरी म्हणजे स्थूलमानाने लाव्ह्याचा एक थर.

लाव्हा थंड होताना त्यातील वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर चढतात. वरचा भाग आधी घट्ट होत असल्यामुळे ते बुडबुडे तेथेच अडकतात आणि थराच्या माथ्याचा खडक जाळीदार होतो. विहीर खोदणारे या सच्छिद्र खडकाला काही भागांत मांजऱ्या म्हणतात. थराचा मधला भाग मात्र घट्ट आणि कठीण राहतो. खडी त्याचीच चांगली होते. पुढे या खडकांतून कोमट पाणी झिरपत राहिले. त्याने खडकातील सिलिका, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम आणि पोटॅशियम विरघळवून सोबत नेले आणि पोकळ्यांत ते थेंबाथेंबाने उतरविले. लाव्हा काही वर्षांत थिजला, परंतु स्फटिकांचे काम त्यानंतर प्रदीर्घ काळ, काही पोकळ्यांत तर कोट्यवधी वर्षांनंतरही, चालू राहिले. अग्नीने केवळ घर बांधले. आतली सजावट पाण्याने केली.

या सजावटीला क्रम असतो. पोकळीच्या भिंतीला प्रथम हिरवट मातीचा पातळ लेप बसतो. त्यावर अनेकदा गारेचा, म्हणजे सिलिकेचा, थर येतो. मग हेउलँडाइट, स्टिलबाइट यांसारखी खनिजे वाढतात आणि त्यांच्यावर बहुधा शेवटी अपोफिलाइट किंवा कॅल्साइट येऊन बसते. पोकळी फोडून पाहणारा माणूस बाहेरून आत जाताना जणू जुन्या काळाकडून नव्या काळाकडे चालत असतो.

आता ओळख करून घेऊ. स्टिलबाइट हे नाव चकाकण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले. त्याचे स्फटिक मध्ये बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखे दिसतात. दोन्ही टोकांना पसरट, कमरेत बारीक. रंग पांढरा किंवा जर्दाळूसारखा. हेउलँडाइटचे स्फटिक चपटे असतात आणि त्यांच्या सपाट बाजूवर मोत्यासारखी झाक असते. एका इंग्रज खनिजसंग्राहकाच्या आडनावावरून त्याचे नाव पडले. स्कोलेसाइट पांढऱ्या सुयांच्या झुपक्यांसारखा असतो. जळगावचे नाव ज्याने गाजविले तो अपोफिलाइट. त्याचे स्फटिक चौकोनी, घनासारखे किंवा टोकदार मनोऱ्यासारखे असतात. बहुधा पाण्यासारखे नितळ, क्वचित हिरवे. ही हिरवी छटा व्हॅनेडियम या धातूच्या अल्पशा अंशामुळे येते. तापविल्यास त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यावरूनच हे ग्रीक नाव त्याला मिळाले. मुंबईच्या खाणींतील ओकेनाइट पाहिला तर खानदेशी माणसाला आपले पीक आठवेल, कारण गोल पोकळीत उमललेले कापसाचे बोंडच तेथे दिसते. पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हान्साइट गर्द निळा. तो प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडला; परंतु त्याचे उत्तम नमुने वाघोलीनेच जगाला दिले.

घरच्या घरी दोन-तीन परीक्षा करता येतात. गार, अर्थात गारगोटी, काचेवर ओरखडा काढते. स्टिलबाइट काढीत नाही. कॅल्साइटची थोडी भुकटी करून तीवर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे येतात. नितळ कॅल्साइट छापील अक्षरावर ठेवला की अक्षर दुहेरी दिसते. मुलांना यात जादूचा आनंद मिळतो आणि परीक्षा केल्याविना नाव ठेवू नये, ही सवयही लागते. सराफाच्या पेढीवर कसोटीचा दगड पाहिलेल्या जळगावकराला ती सवय वेगळी शिकवावी लागू नये.

स्टिलबाइट, हेउलँडाइट, स्कोलेसाइट ही खनिजे झिओलाइट या कुळातील होत. अपोफिलाइट त्यांच्या संगतीत राहतो, परंतु त्या कुळातला नव्हे. १७५६ साली क्रोन्स्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने असे एक खनिज ज्योतीत तापविले तेव्हा ते फुगून जणू उकळू लागले. म्हणून त्याने ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे ग्रीक नाव त्याला दिले. पाणी उकळून पिण्याची रीत पाळणाऱ्या आपल्या घरांना दगडातूनही पाणी उकळते हे ऐकून गंमत वाटेल. झिओलाइटची अंतर्रचना जाळीच्या पिंजऱ्यासारखी असते आणि त्या पिंजऱ्यांत पाण्याचे रेणू बसलेले असतात. उष्णता दिली की ते निघून जातात, पुष्कळदा रचना न मोडता. त्याच पिंजऱ्यांत बसलेला सोडियम सोडून देऊन पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवण्याचा गुणही त्यांच्यात आहे. जड पाणी हलके करण्यासाठी आणि कपड्यांच्या साबणचुऱ्यात जे झिओलाइट वापरतात, ते याच गुणासाठी. ते बहुतांशी कारखान्यात तयार केलेले असतात. आपल्या पोकळ्यांतील स्फटिकांचे मोल पाहण्यासाठी आणि अभ्यासासाठी आहे.

खानदेशच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे. मांजऱ्या खडकाची छिद्रे या पांढऱ्या खनिजांनी गच्च भरलेली असली आणि खडक ताजा असला, तर त्यात पाणी फारसे मुरत नाही. तोच खडक हवापाण्याने झिजून मऊ झाला की पाणी चांगले धरतो. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत याहून निराळा प्रकार दिसतो. तेथे लाव्हा जमिनीतील भेगांमध्येच थिजून उभ्या भिंती तयार झाल्या. भूशास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. या पट्ट्यात अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झाली आहे. भोवतालचा खडक झिजल्यावर त्या माळरानावर सरळ रेषेतील लांब टेकड्यांसारख्या उभ्या दिसतात. जमिनीखाली अशी भिंत पाण्याला आडवी आली, तर एका बाजूच्या विहिरीला पाणी आणि दुसऱ्या बाजूची कोरडी, असेही घडू शकते. ढिगाऱ्यावरचा दगड वाचता आला तर पाण्याची काही भाषाही वाचता येते, ती अशी.

जळगावहून सुमारे ६० किलोमीटरांवर असलेल्या अजिंठ्याच्या लेण्या याच पाषाणात कोरलेल्या आहेत. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्याही याच पाषाणातल्या. अजिंठ्याच्या चित्रांतील निळा रंग ज्या राजावर्त दगडाचा, तो दूरदेशाहून आणावा लागला. हिरवा रंग मात्र हिरव्या मातीचा आहे आणि तशी माती या खडकाच्या पोकळ्यांतच मिळते. स्फटिकांच्या खाली पहिला लेप असतो तो हाच. चित्रकारांनी आपल्या पायाखालचा दगड नीट पाहिला होता, एवढे त्यावरून निश्चित समजावे.

आता चिठ्ठीच्या प्रश्नाकडे वळू. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून रेल्वेचा मार्ग खोदला गेला. बोगदे आणि कापण्यांतून सुंदर अपोफिलाइट निघाले आणि युरोपच्या संग्रहालयांत पोहोचले. त्यांच्यावर नाव लागले ‘पूना’. घाटातील कोणता बोगदा, कोणता थर, किती उंची, याविषयी त्या एका शब्दातून काही उमगत नाही. दीड शतकानंतर तेच ‘जळगाव’ या नावाचे झाले आहे. खाणीत सुरुंग उडाला की पोकळी उघडी पडते. कामगार ती जपून काढतो आणि गावातील दलालाला देतो. दलालाकडून मोठा व्यापारी, तेथून ॲरिझोनातील टूसॉन किंवा जर्मनीतील म्युनिक येथील प्रदर्शन असा त्या दगडाचा प्रवास होतो. दर टप्प्याला मोल वाढते आणि दर टप्प्याला पत्ता पुसट होतो. शेवटी चिठ्ठीवर उरते ते अनेकदा खाणीचे नव्हे, तर बाजारपेठेचे नाव. शिवाय कोणाचे लक्षच गेले नाही तर ती पोकळी सरळ क्रशरमध्ये जाते आणि तिची खडी होऊन रस्त्यावर पसरते.

एका नावाच्या अभावी काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आइसलँडमध्ये मिळते. जॉर्ज वॉकर नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९६० च्या सुमारास पूर्व आइसलँडच्या डोंगरांत कोणत्या उंचीवर कोणते झिओलाइट आढळते याची काटेकोर नोंद केली. विशिष्ट खनिजे विशिष्ट पट्ट्यांतच येतात, हे त्याला दिसले. लाव्ह्याच्या राशीत खडक जितका खोल गाडला गेला, तितकी उष्णता अधिक आणि त्याप्रमाणे खनिज निराळे. या पट्ट्यांवरून, आज झिजून नाहीशी झालेली लाव्ह्याची उंची एके काळी किती होती, याचा अंदाज त्याने बांधला. गेलेल्या डोंगराची उंची उरलेल्या खड्यांवरून मोजली गेली. त्या खड्यांची उंची लिहून ठेवली नसती, तर हे घडले नसते. मग ते कपाटातले सुंदर दगड राहिले असते, एवढेच.

येथे आपल्या विहिरींचे महत्त्व कळते. जामनेर, पाचोरा, पारोळा, चाळीसगाव, साक्री, शिंदखेडा या तालुक्यांत विहिरी खोदल्या जातात आणि खोली हातांनी किंवा फुटांनी मोजून मजुरी दिली जाते. म्हणजे मोजमाप आधीच झालेले असते. ते दगडासोबत कागदावर उतरत नाही, एवढीच उणीव आहे. मुंबईतील कुर्ला-मालाडच्या कितीतरी खाणी बंद पडल्या आणि शहराने त्या जागा गिळल्या. तेथील खडकाच्या पोटात काय होते, हे आता मुख्यतः नाव-पत्ता लिहून ठेवलेल्या नमुन्यांवरूनच कळते. आपल्याकडील विहीर बांधून काढली, खाण पाण्याने भरली किंवा भराव टाकून बुजविली, की तीही तशीच कायमची मिटते.

संग्रहाचा विषय निघाला की आपल्या वाचकांच्या मनात एक शंका साहजिकच येईल. अपरिग्रहाची शिकवण ऐकत वाढलेल्या घराने दगड जमवावेत का? शंका रास्त आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या शेवटच्या अध्ययनात पृथ्वीकायाचे प्रकार सांगताना माती, वाळू, शिळा, मीठ आणि धातू यांच्या बरोबरीने हिरा, अभ्रक, स्फटिक आणि नाना रत्ने यांची गणना केली आहे. ज्या परंपरेने जमिनीतील पाषाणालाही जीवसृष्टीत स्थान दिले, तिला या खनिजांकडे निव्वळ वस्तू म्हणून पाहणे परवडणारे नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याच्या व्यवसायाचा, स्फोटकर्माचा, समावेश आहे. तेव्हा एका चकाकत्या खड्यासाठी कातळावर घण घालणे आपल्याला शोभणार नाही. परंतु पाण्यासाठी किंवा रस्त्यासाठी जो ढीग निघालाच आहे, त्यातील एक दगड क्रशरपासून वाचवून त्याची ओळख जपणे ही गोष्ट निराळी होय. परिग्रह संख्येने वाढतो; ज्ञानाला एक नमुना पुरतो. एका विहिरीचा एक दगड आणि त्याची पूर्ण नोंद ही मर्यादा स्वतःला घालून घेतली, तर संग्रहाचा लोभ होत नाही. कपाटातील शंभर निनावी दगडांपेक्षा नाव-गाव असलेले सात दगड अधिक बोलतात.

ज्या घरांत मुलांना ही गोडी आहे त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या सूचना देतो. दगड हाती येताच, घरी पोहोचण्याची वाट न पाहता, चिठ्ठी लिहावी. तीत गाव, तालुका, गट क्रमांक किंवा शेताची खूण, विहीर असल्यास खोली, खाण असल्यास थर वरचा की खालचा, तारीख आणि देणाऱ्याचे नाव असावे. खनिजाचे नाव नंतर लिहिले तरी चालते, कारण ते पुढे कोणीही जाणकार सांगू शकतो. गाव मात्र मागाहून कोणी सांगू शकत नाही. दगडाच्या मागच्या, स्फटिक नसलेल्या बाजूला पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत नोंदवावा. चिठ्ठी हरवते, क्रमांक आणि वही मिळून पत्ता टिकवतात.

शेतमालकाला विचारल्याशिवाय ढिगाऱ्याला हात लावू नये. चालू खाणीत मुलांना नेऊ नये. सुरुंग, सैल कडे आणि यंत्रे यांपासून दूर राहून खाणचालकाकडूनच दगड मागून घ्यावा. अजिंठा-वेरूळचा परिसर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तसेच यावल आणि गौताळा-औट्रमघाट ही अभयारण्ये आहेत. अशा ठिकाणांहून खडाही उचलू नये. स्फटिक साध्या पाण्याने आणि मऊ कुंचल्याने हलकेच स्वच्छ करावेत. आम्ल, गरम पाणी आणि तारेचा ब्रश वर्ज्य. सुयांसारखे झुपके तर धुऊही नयेत, ते मोडतात. काही तंतुमय झिओलाइटांची धूळ फुप्फुसांना घातक असते. तुर्कस्तानातील कप्पाडोकिया भागातील काही गावांत एरिओनाइट या तंतुमय खनिजाच्या धुळीने कर्करोगाचे दुखणे पिढ्यान्पिढ्या घर करून राहिले. म्हणून असे दगड घासू, कुटू किंवा फुंकू नयेत. लॉमोंटाइट हे खनिज कोरड्या हवेत आपले पाणी सोडून भुगा होते. आपल्या उन्हाळ्यात तर फारच लवकर. जांभळ्या गारेचा रंग उन्हाने फिकट होतो. थोडक्यात, जागा सावलीची आणि झाकलेली असावी.

ज्यांना उत्तम नमुने प्रत्यक्ष पाहावयाचे असतील त्यांनी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयाला जरूर भेट द्यावी. दख्खनच्या पाषाणातील स्फटिक तेथे मोठ्या संख्येने आणि देखण्या रीतीने मांडलेले आहेत. मुलांना घेऊन गेलात तर दगडाच्या सौंदर्याबरोबर त्याच्याखालची चिठ्ठीही वाचावयास सांगा, आणि ती किती सांगते, किती सांगत नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

यंदाच्या उन्हाळ्यात ज्यांच्या शेतात विहिरीचे काम निघेल त्यांनी एक दगड बाजूला काढून, पत्ता आणि खोली लिहून, गावच्या शाळेला द्यावा. दहा वर्षांत त्या शाळेच्या एका फळीवर आसपासच्या वीस-पंचवीस विहिरी शेजारी शेजारी उभ्या राहतील. कोणत्या हातावर पेंढीचा स्टिलबाइट आला, कोठे हिरवी माती लागली, कोठे पाणी लागले, हे त्या फळीवरून चौथीतल्या मुलालाही सांगता येईल. त्यासाठी खर्च लागतो तो एका वहीचा आणि एका पेन्सिलीचा.